एक अक्षरही खोटं नाही

“इथे जे दिसेल ते इथेच राहील,” खाला म्हणाली. “आधी कबूल कर, मग तांब्या हातात घे.”

शिवणवालीने मान हलवली. कबूल करायला तिचं काय जात होतं? मेलेल्या सुनेबद्दल सांगण्यासारखं जे होतं, ते ती तीन वर्षं सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाली होती. सून पहाटे झोपेतच गेली. डॉक्टरने मनगट धरलं, डोळे पाहिले, हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. मुलगा जहाजावर, त्याला नुसता निरोप गेला. आता मय्यतीला शेवटची अंघोळ, म्हणजे गुस्ल, घालायची होती. गल्लीत ते काम म्हातारी खालाच करायची, पण पाणी ओतायला घरातली एक बाई लागते. घरात बाई एकच उरली होती.

पुढच्या खोलीत तीन शिवणयंत्रं होती. तिथे कापड मापता मापता ही बाई सुनेचंही माप काढायची. दिवसभर लोळते. तासतासभर न्हाणीघर अडवून बसते. नवरा समुद्रात आणि हिला रोज अत्तर लागतं, कुणासाठी ते अल्लाह जाणे. पोत्यासारखे ढगळ कपडे घालते, शिवणवालीची सून म्हणून सांगायची लाज वाटते. कातरणसुद्धा चोरते मेली! यंत्रावरच्या बायका दाताने धागा तोडत माना डोलवायच्या आणि संध्याकाळी ते घरोघर नेऊन पोहोचवायच्या. फुकटची करमणूक कोण सोडतं?

खालाने एकदा तोंडावर सुनावलं होतं, “ही गीबत आहे. पाठीमागे कुणाचं उणं काढायचं नसतं.”

“मी एक अक्षरही खोटं बोलत नाही,” शिवणवाली उसळली होती.

“खोटं बोलली असतीस तर तो आळ झाला असता. त्याचं पाप वेगळं. खरं बोलतेस, म्हणूनच ती गीबत.”

दुसऱ्या दिवशी तिन्ही यंत्रं बंद ठेवून तिने खालाच्या बोळक्या तोंडाची नक्कल करून दाखवली. बायका पोट धरून हसल्या होत्या.

आता खालाने हाताला फडकं गुंडाळलं, चादरीखाली हात घातला आणि ती थांबली. अत्तराचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसराही एक वास होता.

“चादर थोडी वर धर.”

छातीभोवती पट्टी होती. पट्टी कसली, जोडून जोडून केलेले तुकडे. शिवणवालीने एकेक ओळखला. समोरच्या घरातल्या सलवारीचा हिरवा. शाळेच्या गणवेशाचा पांढरा. कुणाच्या तरी परकराचं अस्तर. खालाने ते पाण्याने भिजवून अलगद सोडवले. डावीकडे छाती म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गाठ फुटून झालेली जुनी, खोल, सडलेली जखम होती, आणि तिच्याखालच्या बरगड्या मोजता येत होत्या.

शिवणवालीच्या हातातून तांब्या पडला.

“मला का नाही सांगितलं हिने?”

“पहिल्या वर्षी पोट पडलं तेव्हा सांगितलं होतं ना?” खालाने वरही पाहिलं नाही. “सकाळी तिने तुला सांगितलं. दुपारच्या आत ते माझ्या दारात आलं होतं. पाणी ओत.”

तिने पाणी ओतलं. कफन तिने सकाळीच बेतलं होतं, मय्यतीला टेप न लावता. नजरेचं माप कधी चुकत नाही, हा तिचा तोरा. गुंडाळायला घेतलं तेव्हा हातभर कापड जास्त झालं. खालाने मुकाट्याने एक घडी जास्त घातली.

शिवणवाली रडू लागली. तिला रडताना त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

“मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते. ती आळशी नव्हती, तिला—”

“कबूल केलंयस तू.” खालाचा आवाज करडा झाला. “तिने मरेपर्यंत जे झाकलं, ते तू आता गल्लीत उघडं करणार?”

“मग करू तरी काय मी?”

“चार शेजाऱ्यांनी मेलेल्याबद्दल मनापासून चांगलं म्हटलं, तर अल्लाह त्यांची साक्ष धरतो. जनाजा उचलायला अजून थोडा वेळ आहे. जा. चार बायका शोध.”

पुढच्या खोलीत नऊ बायका यंत्रांना टेकून बसल्या होत्या. त्या कुजबुजत होत्या, तिला पाहून गप्प झाल्या.

“माझी सून चांगली होती,” शिवणवाली म्हणाली. “म्हणा ना. एकदा सगळ्याजणी म्हणा.”

एकीने ओढणी सारखी केली, एकीने भिंतीकडे पाहिलं.

“ती लोळत नव्हती. ती... मी खोटं बोलले. सगळं खोटं होतं!”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण उठली, तिने शिवणवालीच्या पाठीवरून हात फिरवला. “गेली म्हणून पांघरूण घालताय, आपा. मन मोठं आहे तुमचं.”

“माझ्या मनाचं राहू दे! तिच्याबद्दल बोल. एक चांगला शब्द बोल.”

बाहेरून पुरुषांनी हाक दिली. वेळ झाली होती. शिवणवालीने काज करणाऱ्या बाईचे दोन्ही हात धरले. ती सगळ्यांत जुनी आणि सरळ मनाची. तिने खरोखर विचार केला. आठवून आठवून पाहिलं.

“मय्यत घरात असताना खोटी साक्ष कशी देऊ, आपा?” ती शेवटी म्हणाली. “आम्ही तिला ओळखतो ते तुमच्याच तोंडून. आणि तुम्ही तर कधी एक अक्षरही खोटं बोलला नाहीत.”