नाव न घेता

“कुकर बंद कर, दोन मिनिटांत लाइव्ह आहे!” आमचे हे कायद्याच्या पुस्तकांसमोर कॅमेरा लावून बसले. वर कोट, खाली लेंगा. लॉ कॉलेजात करार कायदा शिकवायचे, तेव्हा यांना बिल्डिंगमधलंही कुणी ओळखत नव्हतं. मग ‘इंटरनेट आणि तुमचं खासगी आयुष्य’ हा विषय हाती लागला आणि हे टीव्हीवरचे तज्ज्ञ झाले.

मी बटाटे सोलत ऐकत होते. “आता बघा,” हे गहिवरून म्हणाले, “माझ्या पत्नीनं घरातल्या टॅबवर ओठांवरचे केस काढायचा उपाय शोधला. कुणालाही न सांगता. तासाभरात मला त्याच्याच जाहिराती! एका स्त्रीची इतकी खासगी गोष्ट या कंपन्या चव्हाट्यावर आणतात!”

चर्चा संपायच्या आत सांगलीहून नणंदेचा फोन आला. “वहिनी, डाळीच्या पिठात हळद घालून लाव.” भिशीत तर सगळ्या जणी माझ्या ओठांकडे बघूनच बोलत होत्या.

“अहो, कंपनीनं निदान घरातल्या घरात सांगितलं. तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलंत.”

“तुझं नाव कुठं घेतलं? नुसतं ‘पत्नी’ म्हणालो.”

“किती आहेत तुम्हाला?”

हे हसले. उदाहरण फार गाजलंय म्हणे, दिल्लीच्या परिषदेतही तेच देणार.

शिळं कशाला? मी त्याच टॅबवर ताजं शोधून ठेवलं: ‘घटस्फोटासाठी चांगला वकील’.

सकाळपासून जाहिराती येतायत. हे टॅब घेऊन एकेक जाहिरात बंद करत बसलेत. मघाशी हळूच म्हणाले, “अगं, हे आपल्यातच राहू दे हं.”