पंख्याला हात

लाँचचा गियर पडेना. दांडी पुढे ढकलली तरी मागचा पंखा जागचा हलत नव्हता, आणि तापीच्या घाटावर पल्याडच्या यात्रेला निघालेली शे-दीडशे माणसं बोचकी घेऊन ताटकळली होती. ठेकेदार रतिलाल नुसता येरझारा घालत होता. आज फेऱ्या बुडाल्या की घाटाचा ठेका दुसऱ्याच्या घशात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी जीवरामला बोलवावंच लागलं. या सुरतेच्या जुन्या इंजिनाची नाडी कळणारा तोच एक. गेल्या साली असाच गियर अडला, जीवराम पाण्यात उतरून पंखा फिरवत होता, आणि रतिलालने वरून इंजिनाची चावी मारली. जीवरामच्या उजव्या हाताला अंगठा नि करंगळी तेवढी उरली. रतिलालने गावभर सांगितलं, गडी पिऊन आला होता. लोकांनी तेच खरं मानलं. लोकांचं काय जातं? तेव्हापासून त्याला कुणी कामावर घेईना.

जीवरामने केबल तपासली, सरकलेली पिन जागेवर बसवली. मग म्हणाला, आता खालून पंखा कुणीतरी हाताने फिरवायचा आणि मी दांडी ढकलायची, त्याशिवाय गियरचे दात बसायचे नाहीत. घाटावरचं एक माणूस पुढे झालं नाही. कोण होणार? रतिलालने धोतर खोचलं, चावी नेहमीसारखी करगोट्याला बांधली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

पंखा थोडा फिरला. आत खट्ट वाजलं.

"हात काढू नका, भाऊ," जीवराम वरून म्हणाला. "अर्धाच बसना. आते सोडं तं दात तुटतीन."

मग वर चावीसारखं काहीतरी खुळखुळलं. रतिलालला खालून जीवरामचा हात दिसत नव्हता. त्याचे स्वतःचे दोन्ही हात मात्र पंख्याच्या पात्यांवर होते.

"मी पियेल व्हतू का त्या दिन?" जीवरामने विचारलं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं.

वर पुन्हा खुळखुळलं.

"नही," रतिलाल खालून ओरडला. "तू पियेल नव्हता. चावी मीच मारी. मले घाई व्हती."

जीवरामने दांडी ढकलली, गियर बसला. हातात खुळखुळवलेले दोन लोखंडी पाने त्याने हत्यारांच्या पेटीत टाकले. रतिलाल वर आला, तेव्हा जीवराम त्याच्यापुढे उभा राहिला आणि अंगठा-करंगळीच्या चिमटीत त्याच्या करगोट्याची ओली चावी धरली.

"इतला कशाले घाबरनात, भाऊ? चावी तं तुमनीच कंबरले व्हती."