झकास जेवलो

ताटातला लालभडक रस्सा पाहिला आणि दत्तारामचं डोकंच फिरलं. वर सायीची नक्षीसुद्धा होती!

"आई, हे काय आता?"

"बटर चिकन. शेजारच्या सुनेकडून मुद्दाम शिकले. तू रोज फोटो पाठवायचास ना?"

दत्तारामने कपाळावर हात मारून घेतला. लंडनच्या पार्सलवाल्या हॉटेलात अकरा वर्षं तो हाच रस्सा ढवळत होता. गिऱ्हाइकांसाठी मिरची कमी, साखर जास्त. वासानेसुद्धा त्याला मळमळायचं. पण आईच्या जिवाला घोर नको, म्हणून तो त्या रश्शाचाच फोटो काढून पाठवायचा आणि खाली लिहायचा, 'झकास जेवलो.' मग कोरडा ब्रेड चावत बसायचा आणि कुळथाची पिठी आठवायचा. दोन विमानं आणि एक एसटी करून तो त्या पिठीसाठीच घरी आला होता.

"अगं, पिठी-भात का नाही केलास?" तो करवादला.

"केलाय की, माझ्यापुरता. विलायतेतून आलेल्या माणसाला कुणी पिठी वाढतं का?" म्हणत आई आपलं ताट घेऊन समोर बसली.

दत्तारामने ते ताट स्वतःकडे ओढलं, आपलं तिच्यापुढे सरकवलं आणि तो मान खाली घालून भुरके मारायला लागला.

आईने लाल रश्शात बोट बुडवून चाटलं. तिचा चेहरा कसनुसा झाला. मग तिने त्याच्यापुढच्या भराभर रिकाम्या होणाऱ्या ताटाकडे पाहिलं.

"दत्तू, आज खरं सांग. अकरा वर्षं जेवत काय होतास?"