बाया आल्यात

दुबईच्या विमानाची रांग संपत आली होती. विमानतळावरच्या आरोग्य तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टर मृण्मयीचा घसा "ताप, पुरळ, काही आजार?" असं विचारून सुकला होता. उत्तर सगळ्यांचं एकच, नाही.

"आजारबिजार काही नाही गं," नातीला कडेवर घेतलेल्या आजीही म्हणाल्या. पोरीचे डोळे लाल होते, नाक गळत होतं. "विमानात गार लागलं तिला, एवढंच." मृण्मयी त्यांना जा म्हणणार, तेवढ्यात तिला पोरीच्या टोपीत खोचलेली कडुलिंबाची डहाळी दिसली.

मृण्मयीच्या आजोळी गोवराला कुणी आजार म्हणत नसे. देवीच्या बाया पाहुण्या आल्या, असं म्हणत आणि पोराजवळ कडुलिंब ठेवत. तिनं हळूच विचारलं, "आजी, बाया आल्यात का?"

आजींचा चेहरा निवळला. "कालच आल्या बघ. आधी कानामागं उठलं, आता पाठभर पसरलंय. ओटी घरच्या देवीपुढंच भरायची, म्हणून तशीच निघाले. तू आपली म्हणून सांगितलं हो. तिकडं विमानात चढताना विचारणाऱ्या साहेबांना काय कळणार?"

त्यांनी मृण्मयीचा हात हातात घेतला. पलीकडे सामानाच्या पट्ट्यापाशी त्याच विमानातली माणसं पांगत होती, त्यांत दोन तान्ही बाळं होती. आता एकेकाला शोधून काढावं लागणार होतं. आजींच्या हातातला हात तसाच ठेवून मृण्मयीनं दुसऱ्या हातानं फोन उचलला आणि संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात खाट मागितली.