नदीपलीकडचा ठिपका

यंत्र पुन्हा वाजलं तेव्हा रसेल नदीकाठच्या दगडावर बसून बुटातला खडा काढत होता.

"बघ काय म्हणतेय," तो वीरेमूला म्हणाला. "नाहीतर राहू दे, मीच सांगतो. 'कुठे आहात?' दुसरं काय असणार?"

वीरेमूने रसेलच्या पाठपिशवीला अडकवलेलं ते नारिंगी यंत्र हातात घेऊन वाचलं. "'कुठे आहात', असंच आहे."

"पाहिलंस? घरी बसून नकाशावर माझा ठिपका सरकताना दिसतो तिला. तरी विचारते."

हे यंत्र रसेलला त्याच्या बायकोनेच, ग्लेनिसनेच, साठीला भेट दिलं होतं. मोबाइल मुका होतो अशा दऱ्यांतूनही त्यावरून उपग्रहामार्फत निरोप जायचे आणि यायचे. त्याआधीची सगळी वर्षं रसेल घरी काही न कळवता डोंगर हिंडला होता, आणि परतल्यावर जेवण गरम मिळालं होतं. गिर्यारोहकांच्या क्लबात तो या यंत्राला 'गळ्यातला पट्टा' म्हणायचा. सगळे हसायचे.

"घरात दिवा गेला तर माझी वाट बघत अंधारात बसते," तो म्हणाला. "मागे मी आठवडाभर नव्हतो, तर गाडीचं चाक बसलेलं तसंच. शेजाऱ्याला हाक मारायची बुद्धी नाही."

"माझी बायको हेनी तिच्या जागी असती, तर गाडी विकून मोकळी झाली असती," वीरेमू म्हणाला.

नदी गुडघ्याखालीच होती. पलीकडे दोन तासांच्या चढणीवर मुक्कामाची झोपडी होती. पूल नव्हता. वर पाऊस झाला की ही नदी बघता बघता चढायची, आणि मग पलीकडचा माणूस पलीकडेच राहायचा.

वीरेमू पश्चिमेकडे बघत होता. "मला हे ढग आवडत नाहीत. परत फिरू या. माझा चुलता असल्याच नदीने नेलाय."

"तुझं आणि ग्लेनिसचं लग्न व्हायला हवं होतं. थांब, तिलाच विचारतो."

क्लबातले सगळेच असं करायचे. घरच्या माणसाने हवामानाचा अंदाज वाचून दोन ओळींत पाठवायचा, आणि डोंगरातल्याने त्या भरवशावर पाऊल टाकायचं. रसेलने अंगठ्याने टिपटिप करत निरोप लिहिला. उत्तर लगेच आलं.

'सोमवारपर्यंत कोरडं. दुपारच्या आत नदी पार करा. झोपडीत पोचलात की कळवा.'

"आता हुकूमही सोडायला लागली," रसेल म्हणाला. पण अंदाज पाहून वीरेमूने होकारार्थी मान हलवली. दोघांनी पिशव्यांचे कमरेचे पट्टे सोडले, एकमेकांच्या पाठीमागून हात घातले आणि शांतपणे नदी ओलांडली. दुपारी झोपडीतून रसेलने लिहिलं, 'पोचलो. आता तरी गप्प बस.'

संध्याकाळी पाऊस सुरू झाला. सकाळी नदीचा आवाज झोपडीपर्यंत येत होता. खाली जाऊन वीरेमू भिजून परतला.

"काल तू बसला होतास तो दगड दिसत नाही," तो म्हणाला. "झाडं वाहून चालली आहेत."

रसेलचा चेहरा लाल झाला. त्याने लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "'एक साधं काम सांगितलं होतं. समोरचं वाचता येत नसेल तर तसं कळवायचं. शाळेतली पोरगी बरी.'"

"इतकं कशाला? माणसाची चूक होते."

"हिची चूकच होते. मी नसतो तर हिचं काय झालं असतं, देव जाणे."

यंत्र वाजलं. 'चुकलं माझं. झोपडी गळत नाही ना? खायला पुरेल? पाणी कधी उतरेल?'

"रडत असणार," रसेल समाधानाने म्हणाला. त्याने उत्तर धाडलं. 'खायला भरपूर आहे. चार दिवस तरी अडकलो. घाबरून बचाव पथकाला फोन करू नकोस, क्लबात माझी शोभा होईल. घरात बसून राहा.'

'बरं,' ग्लेनिसने लिहिलं.

डोंगरांच्या पूर्वेला, टिमारूतल्या घरी, लख्ख ऊन होतं. ग्लेनिसने फोन ओट्यावर उपडा ठेवला. शेजारच्या संगणकावर पश्चिमेच्या खोऱ्यांसाठी दिलेला अतिवृष्टीचा इशारा कालपासून उघडाच होता. काल नदीकाठी उत्तर धाडण्याआधी तिने तो दोनदा वाचला होता. पाऊस संध्याकाळनंतर लागणार होता, त्याआधी दोघं सुखरूप वर पोचणार होते. अंगणात मालमोटार मागे घेऊन दाराशी लावली होती, आणि तिची बहीण पलंगाच्या फळ्या बाहेर नेत होती.

"बाई, जेवणाचं टेबलही घ्यायचं का?" गाडीवाल्याने आत डोकावून विचारलं. "आम्ही भराभर उरकतो."

"तेही घ्या, पण सावकाश. कोपरे घासायला नकोत," ग्लेनिस म्हणाली. "नदी उतरायला चार दिवस आहेत."