काका, अंगठा वर करा

कवटी उघडी होती आणि शिंपीकाका टक्क जागे होते. मेंदूतली गाठ कापताना हात लुळा पडू नये, म्हणून डॉक्टरबाई सारख्या म्हणत होत्या, "काका, अंगठा वर करा," आणि काका मुकाट्याने उजवा अंगठा उचलत होते.

गाठीचा नखाएवढा तुकडा उरला आणि अंगठा उठेना.

"काका, वर करा!"

"करतोय की हो!"

मेंदूला धक्का लागला, असं बाईंना वाटलं. त्यांनी हात आखडता घेतला आणि तुकडा आत ठेवूनच कवटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी काकू सहज बोलून गेल्या, "मध्यंतरी पडून ह्यांचं उजवं मनगट जरासं पिचलं होतं. हाड जुळलं, म्हटलं त्यात काय सांगायचं?"

बाईंनी धावतपळत हाडांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी मनगट चाचपलं. "मेंदूला काही झालेलं नाही. अंगठा उचलणारी आतली दोरी पिचलेल्या हाडावर घासून झिजली होती. सारखा वर करायला लावलात, तशी तुटली. ती जोडता येईल."

काकांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं.


"आणि आत ठेवलेला तुकडा, बाई?"