पॅक बंद केल्याचं कारण

"सर, आमचा स्पोर्ट्स पॅक तुम्ही बंद केलात. कारण सांगाल का?" चॅनेलवाल्याचा फोन होता. पप्पा कारखान्यातून येऊन नुकतेच टेकले होते, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

"जाहिराती लई लावता," पप्पा म्हणाले.

"सकाळपासून सगळे हेच सांगतायत." तोही दमलेलाच वाटला. "पण आता आम्ही मुलींच्या फुटबॉलच्या सगळ्या मॅच दाखवणार आहोत. परत चालू करू?"

"नको पावणं."

मला गप्प राहवतंय होय! "अहो दादा, माझी संयोगिताताई जिल्ह्याची गोलकीपर होती! पप्पा गोलच्या मागं उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडायचे!"

"मग ताईंसाठी तरी घ्या, सर."

"ती सासरी हाय, जयसिंगपूरला." पप्पांनी डोळे मिटून घेतले. "लग्नाच्या बैठकीत त्या लोकांनी तिला विचारलं, खेळायचं सोडशील न्हवं? तिनं माझ्याकडं बघितलं. आन् मीच म्हणालो, सोडंल की, त्यात काय एवढं!"